घर लावायचं तर रविवारपासून मागं या

घर आवरायचं म्हणलं की सगळे सोमवारपासून सुरू करा म्हणतात, मी म्हणते आधी रविवार मोकळा करा आणि मग तिथून मागं मागं बाकीचा आठवडा लावा. आपल्याकडच्या बऱ्याच ख्रिस्ती घरांत बाईचा रविवार कसा जातो बघा, पाचला उठून चहा-नाष्टा, लेकरांच्या आंघोळी, इस्त्री, धावतपळत चर्च, पाळकांचं, म्हणजे चर्चच्या धर्मगुरूंचं प्रवचन चालू असताना डोळे मिटायलेत, घरी आलं की पाहुणे आणि मटणाचा रस्सा, भांडी होत नाहीत तोवर संध्याकाळची घरसभा, म्हणजे कुणाच्या तरी घरी जमून प्रार्थना. बायबलमधल्या निर्गमचा २० वा अध्याय काढून वाचा, विसाव्याच्या दिवशी कुणी काम करायचं नाही त्या यादीत दास-दासी आहेत, परका माणूस आहे, जनावरंसुद्धा आहेत. मग घरातल्या बाईलाच तेवढा विसावा का नाही, हे नवऱ्यासोबत बसून एकदा बोला, कारण हे एकटीनं होणारं काम नाही.

आता पहिलं म्हणजे पाणी. जालना असू द्या, लातूर असू द्या, नाहीतर संभाजीनगर, नळ रोज येत नाही आणि येईल त्याची वेळ नक्की नसती, २०१६ ला तर लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. म्हणून आपल्या घरात कपाटाआधी ड्रम लावायचे. पिण्याचं वेगळं, वापरायचं वेगळं, पिण्याच्या भांड्याला तोटी नसेल तर लांब दांड्याचं ओगराळं ठेवा म्हणजे कुणी हात बुचकळत नाही. झाकण घट्ट बसत नसेल तर जुन्या सुती साडीचा दुहेरी तुकडा वरून दोरीनं आवळून बांधा. डेंग्यूचा डास ह्याच आपल्या साठवलेल्या चांगल्या पाण्यात वाढतो, अंड्याचा डास व्हायला साधारण आठ-दहा दिवस लागतात, त्यामुळं आठवड्यातून एकदा ड्रम रिकामा केला की साखळी तुटती. पण नुसतं ओतून भागत नाही बरं का, अंडी पाण्याच्या रेषेला कडेनं चिकटलेली असतात आणि कोरडी पडली तरी टिकतात, तिथं काथ्यानं खसखसा घासा आणि उन्हात पालथा घाला. काढलेलं पाणी नालीत सोडू नका, झाडाला घाला, मातीत अळ्या मरतात.

आणि नळ नेमका उपासनेच्या वेळेला आला तर? मनाला लावून घेऊ नका. लूकच्या शुभवर्तमानाच्या १४ व्या अध्यायात प्रभू येशू विचारतात की शब्बाथ दिवशी, म्हणजे विसाव्याच्या दिवशी, तुमचा बैल विहिरीत पडला तर लगेच वर काढणार नाही का. पाणी भरणं त्यातच येतं. फक्त दर वेळी मागं थांबणारी बाईच नको, पाळी लावा, एकदा नवरा, एकदा मोठा मुलगा. शेजारच्या भाभींना मोटार लावायला सांगून ठेवा, त्यांच्या ईदला तुम्ही त्यांचं भरा.

शनिवारी काय करायचं तर कांदा-खोबरं भाजून वाटण करून फ्रीजमधे, शेंगदाण्याचा कूट डब्यात, भाजी निवडलेली. इस्त्री शुक्रवारीच उरका, शनिवारी लाईट गेली की सगळं अडतं. बायबल, गीतपुस्तक, चष्मा, दानाचे पैसे एका पिशवीत घालून पिशवी दाराच्या खुंटीला. पाहुणे असले तरी रविवारी वरण-भात, लोणचं, वाटलं तर अंडाकरी, एवढं पुरतं, आपल्या घरी जेवून गेलेला माणूस चार भाज्या मोजत नाही. रस्सा करायचाच असंल तर भाकरी थापायला दुसरं कुणीतरी बसू द्या. हां, आणि बाप्तिस्म्याचे, लग्नाचे दाखले प्लास्टिकच्या फाईलीत घालून भिंतीपासून लांब ठेवा, ट्रंकेच्या तळाला वाळवी लागती, आणि जुनं रजिस्टर शोधत बसायला लावणं पाळकांनाही त्रास आहे.

आता स्वतःचं, आणि इथं मला जास्त बोलायचंय. सेवा म्हणजे स्वतःला झिजवणं असं आपल्या बायांनी डोक्यात घट्ट करून घेतलंय. बायबलमधलं १ राजे, अध्याय १९ वाचा. एलीया संदेष्टा इतका थकलाय की देवाकडं मरण मागायलाय, झुडपाखाली झोपलाय, आणि देव त्याला आधी रागवत नाही, उपदेश करत नाही, दूत पाठवतो निखाऱ्यावरची भाकर आणि पाण्याचा चंबू घेऊन. तो खातो, परत झोपतो, दूत परत उठवून खाऊ घालतो. मग देवाच्या डोंगराची, होरेबाची वाट. म्हणजे आधी भाकर, पाणी, झोप. देवाच्या माणसाला जे लागलं ते आपल्याला का लागू नये?

तर सगळ्यांच्या मागून उरलंसुरलं खाणं बंद, सगळ्यांबरोबर ताट घेऊन बसा. रक्ताच्या गोळ्या चालू असतील तर चहासोबत घेऊ नका, चहामुळं लोह अंगाला लागत नाही, लिंबूपाण्यासोबत घ्या. मे महिन्यात परभणी-नांदेडकडं पारा ४२ च्या वर जातो तेव्हा धुणं सकाळीच, दुपारी पडून राहा, ताक, आंबील, पन्हं चालू ठेवा. जुलाब-उलट्या झाल्या तर एक लिटर स्वच्छ पाण्यात सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ, चहाचा चमचा, अंदाजे मूठ नको.

प्रार्थनेला पहाट नाही जमली तर दुपारी लेकरं शाळेत गेल्यावर करा, पंधरा मिनिटं का होईना पण मोबाईल दुसऱ्या खोलीत ठेवून.

आणि एक, प्रार्थना करायलो म्हणून बीपी-शुगरची गोळी मनानं बंद करणाऱ्या बाया मी बघितल्यात, हे करू नका. शुभवर्तमान लिहिणारा लूक स्वतः वैद्य होता, जालन्यात ख्रिस्ती मिशननं दवाखानासुद्धा काढला, औषध घेतलं म्हणजे विश्वास कमी असं कुठं लिहिलंय? आशाताईला विचारा, उपकेंद्रात बीपी-शुगर कधी तपासतात ते सांगतील, आणि तो वार भिंतीवरच्या चर्चच्या कॅलेंडरवर लाल पेनानं लिहून ठेवा, सगळ्यांना दिसंल असा.