बोरीखालची बोरं आधी उचला

दोन वर्षांपूर्वी संक्रांतीनंतर नातीचं बोरन्हाण केलं. बोरं घरचीच, मोहोळकडच्या रानातल्या उमराण जातीच्या बोरीची. चुरमुरे, रेवड्या, उसाचे करवे आणि बोरं तिच्या डोक्यावरून ओतली, जमलेली पोरं वेचायला धावली, आणि पहिल्याच पोरानं चावलेलं बोर थुंकून टाकलं. आत अळी होती. दुसरं फोडलं, तिथंही अळी. पाटीतली निम्म्याहून जास्त किडकी निघाली. चूक माझी होती आणि ती आदल्या फेब्रुवारीतच होऊन गेली होती. ज्यांच्या बांधावर किंवा परसात बोरी आहेत, त्यांच्यासाठी वर्षभराची तयारी लिहिते आहे.

हंगाम संपत आला की सगळ्यात आधी झाडाखाली पडलेली बोरं उचला. सगळी. पिचलेली, सुकलेली, पाखरांनी टोचलेलीसुद्धा. फळमाशी कोवळ्या बोरात अंडी घालते, अळी बियाभोवतीचा गर खाते, मग बाहेर पडून मातीत शिरते आणि तिथंच कोष करते. पुढच्या हंगामात त्याच मातीतून माशी वर येते. म्हणजे खाली पडून राहिलेलं प्रत्येक किडकं बोर पुढच्या वर्षाची कीड पेरतं. मी त्या वर्षी झाडावरची बोरं तोडली, विकली, वाटली आणि खालचा सडा तसाच सोडला. उचललेली बोरं उकिरड्यावर टाकू नका, तिथंही मातीच असते. प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून उन्हात ठेवा, नाहीतर दोन-अडीच फूट खोल पुरा. आणि बांधावरची गावठी बोर विसरू नका. तिची बोरं कुणी तोडत नाही, म्हणून माशी तिथंच पोसली जाते. तिच्याखालचीही उचला.

छाटणी एप्रिलमध्ये, झाड पानं गाळून विसावतं तेव्हा. बोरीला फळ नव्या फुटीवर येतं, त्यामुळे हात आखडू नका. गेल्या वर्षीच्या फांद्या चांगल्या मागे घ्या, वाळक्या नि एकमेकींत घुसलेल्या काढून टाका, जाड कापांवर बोर्डोपेस्ट, म्हणजे मोरचूद नि चुन्याचा लेप, लावा. काटे आहेत, हातमोजे घाला. छाटणी झाली की आळं कुदळीनं खणून माती उलटी करा. आपल्याकडचं मे महिन्याचं ऊन फुकट मिळतं, उघडे पडलेले कोष त्यात मरतात. पण आधी खालची बोरं उचललेली हवीत, नाहीतर खणताना तीच मातीआड जातात.

नवी बोर लावायची तर 60 सेंटिमीटर लांब-रुंद-खोल खड्डा, दोन झाडांत 6 मीटर. गावठी खुंटावर डोळा भरलेलं, म्हणजे चांगल्या जातीचं कलम केलेलं रोप घ्या. डोळ्याच्या खालून फूट आली की लगेच खुडा, नाहीतर खालची गावठी बोर वाढेल आणि वरची जात दबून जाईल. जातींचं म्हणाल तर उमराण मोठी नि गोड, कडाका आपल्या भागात चांगली येते, मेहरूण जळगावकडची आणि चवीला माझ्या मते सगळ्यांच्या वर. ॲपल बोर भरपूर लागते, कुरकुरीत असते, पण तिला बोराचा वास नाही. माझ्याकडे ती एकच आहे आणि दुसरी लावणार नाही.

पावसाळ्यात तण काढा. फुलं आल्यावर फळं धरताना पावसानं ओढ दिली तर पाणी द्या. बोरं वाटाण्याएवढी झाली की त्यांवर पांढरी भुरी दिसते का ते रोज पाहा. दिसली तर पाण्यात मिसळणारं गंधक लिटरला 2 ग्रॅम, सकाळी किंवा संध्याकाळी, भर उन्हात नाही. आणि याच दिवसांपासून, म्हणजे पहिली गळ सुरू झाल्यापासून, खालची बोरं उचलायला लागा. हंगामाच्या शेवटी एकदाच नाही, दर दोन-तीन दिवसांनी. पोरांना सांगा, गड्याला सांगा, कुणी नसेल तर स्वतः वाका.

तोडणी चार-पाच वेळा करावी लागते, सगळी एकदम पिकत नाहीत. उमराण सोनेरी पिवळी झाली की खा, तपकिरी झाली की मऊ पडते. गावठी मात्र तांबूस होऊन सुरकुतू द्या, मग मीठ लावून. उरतील ती कडक वाळवा, कुटा, चाळून बिया काढा, मीठ घाला, बोरकूट झालं. सुगडांसाठी लहान बोरं बाजूला ठेवा.

बोरन्हाणाच्या आदल्या दिवशी पाटीतली दहा-बारा बोरं कापून पाहा. आणि अंगणात सांडलेलीही झाडून पिशवीत भरा, मातीत जाऊ देऊ नका. या वर्षी सोलापूरची संक्रांतीची गड्ड्याची यात्रा उठायच्या आतच मी प्रत्येक बोरीच्या खोडाला एकेक पिशवी बांधून ठेवली आहे.