मताचं दुसरं प्रूफ कसं वाचावं

पहिलं प्रूफ कधीच शुद्ध नसतं, हे मुद्रितशोधकाला वेगळं शिकवावं लागत नाही. मतांच्या बाबतीत मात्र आपण पहिल्याच प्रुफावर ‘छापावे’ असा शेरा मारून मोकळे होतो. सव्वीस वर्षं दुसऱ्यांच्या चुका शोधण्यात घालवल्यावर मी तीच रीत स्वतःच्या मतांवर वापरून पाहिली. इच्छास्वातंत्र्य, नीती, विचारांची उत्क्रांती असल्या भारदस्त विषयांवर बोलायचा माझा अधिकार एवढाच. ही रीत कुणालाही जमते. एक वही, पेन्सिल आणि लाल पेन लागतं. थोडा निगरगट्टपणाही लागतो.

सुरुवात लहान मतापासून करा. ‘माणूस स्वतंत्र आहे का?’ हा प्रश्न पहिल्या दिवशी घेतलात तर दुसऱ्या दिवशी वही कपाटात जाईल. जे मत तुम्ही महिन्यातून दोन-तीनदा तरी कुणाला ना कुणाला ऐकवता ते घ्या. ‘उशिरा येणाऱ्यासाठी थांबू नये’, ‘एकदा शब्द दिला की दिला’, असलं काहीतरी. डाव्या पानावर एका वाक्यात लिहा, तोंडातून निघतं अगदी तसंच. सुधारून, शहाणं करून लिहू नका. खाली तारीख टाका आणि उजवं पान कोरं सोडा. हे कोरं पान फार महत्त्वाचं आहे, त्यावर पुढे येतेच.

माझं वाक्य होतं: ‘चुकीला कारण नसतं.’ हाताखाली शिकायला आलेल्या प्रत्येकाला मी ते ऐकवलेलं आहे.

यानंतर मूळ प्रत शोधायची. हे मत तुम्ही पहिल्यांदा कुणाकडून ऐकलं, कोणत्या प्रसंगी, नेमक्या कोणत्या शब्दांत? बहुतेकांना वाटतं, आपली मतं आपणच विचार करून बनवली आहेत. दहा मिनिटं शांत बसलात तर निदान अर्ध्या मतांमागे कुणाचा तरी आवाज ऐकू येईल. जमलं तर पुरावा काढा. जुनं पत्र, जुनी डायरी, त्या वेळी हजर असलेलं माणूस. आठवणीवर भिस्त ठेवू नका, कारण तिथे नक्कल करणारा लेखनिक आपणच असतो, आणि लेखनिक चुका करतात.

मला माझ्या उमेदवारीच्या पहिल्या वर्षाची वही सापडली. पुठ्ठा गेलेला, शाई फिकट झालेली. आमचे वरिष्ठ मुद्रितशोधक बोलत ते मी त्यात टिपून ठेवायची. एका पानावर अनुस्वाराचे नियम, आणि त्याखाली त्यांचं वाक्य: ‘चुकीचं कारण मला सांगू नकोस, स्वतःला सांग.’

मी ते तीनदा वाचलं. वीसेक वर्षं त्यांच्या नावावर जे मी खपवत होते, ते त्यांनी म्हटलेलंच नव्हतं. ते म्हणत होते कारण शोध, फक्त त्याची ढाल करून माझ्यापुढे उभी राहू नकोस. वाक्याचा दुसरा अर्धा भाग माझ्याकडून गळाला होता, आणि उरलेल्या अर्ध्याचा अर्थ उलटा झाला होता. गंमत म्हणजे, चुकीची प्रत मूळ प्रतीपेक्षा जास्त चालली. छोटी होती, ठसकेबाज होती आणि ऐकवणाऱ्याला मोठेपणा देणारी होती.

विचार बदलतात ते असे. सगळेच काही वादविवादात हरून बदलत नाहीत, बरेचसे नुसत्या नकला होता होता बदलतात. फ्रेडरिक बार्टलेट या केंब्रिजच्या मानसशास्त्रज्ञाने १९३२ साली हे प्रयोगांनिशी मांडलं. त्याने उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांची एक लोककथा इंग्रज वाचकांना दिली आणि नंतर आठवून लिहायला लावली, काही प्रयोगांत एकाकडून दुसऱ्याकडे अशी पुढे पुढे जाऊ दिली. कथा आखूड होत गेली. अनोळखी तपशील गळाले किंवा ओळखीचे होऊन बसले. ‘कनू’ची साधी ‘बोट’ झाली, सीलच्या शिकारीची मासेमारी झाली. खोटं बोलायचं कुणाच्याही मनात नव्हतं.

जीवशास्त्रज्ञ रिचर्ड डॉकिन्स यांनी १९७६ साली पसरणाऱ्या विचाराला ‘मीम’ हा शब्द दिला, जनुकाच्या धर्तीवर. शब्द झकास आहे, पण मला उपमा थोडी लंगडी वाटते. जनुकाची नक्कल फार काटेकोर होते. विचार मात्र प्रत्येक डोक्यात नव्याने जुळवला जातो, आणि जुळवताना त्या डोक्याच्या सोयीनुसार वाकतो. मला त्यापेक्षा हस्तलिखितांची उपमा जवळची वाटते. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ साली, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती याचसाठी. मधल्या जवळजवळ तीनशे वर्षांत नकला होता होता पाठात भेसळ शिरली होती. पाठभेद, म्हणजे एकाच ग्रंथाच्या प्रतींमधले शब्दांचे फरक, तपासणाऱ्यांचा एक जुना आडाखा आहे: दोन पाठांपैकी कठीण पाठ मूळ असण्याची शक्यता जास्त, कारण लेखनिक अवघडाचं सोपं करतो, सोप्याचं अवघड सहसा करत नाही. तुमच्या मताची दोन रूपं सापडली तर हा आडाखा लावून बघा. जे रूप बोलायला अडखळतं, ज्यात ‘पण’ आणि ‘मात्र’ आहेत, ते बहुधा जुनं. मात्र जुनं म्हणजे बरोबर असं नव्हे. पाठ शुद्ध असूनही विचार चुकीचा असू शकतो, म्हणून पुढची तपासणी.

लाल पेन घ्या. मतामागची कारणं चार-पाच वाक्यांत लिहा आणि क्रियापदांभोवती गोल काढा. वाक्यं ‘आहे’, ‘असतं’, ‘होतं’ अशी चालत येतात आणि एका ठिकाणी गुपचूप ‘पाहिजे’, ‘नये’, ‘हवं’ सुरू होतं. त्या सांध्यावर फुली मारा. डेव्हिड ह्यूम या तत्त्वज्ञाने १७४० मध्ये नेमकं हेच दाखवून दिलं होतं: लेखक ‘आहे’वरून ‘पाहिजे’वर उडी मारतात आणि उडी मारली हे सांगतही नाहीत. माझ्या कागदावर असं होतं: ‘चुकीमुळे वाचकाचं नुकसान होतं. चुका बहुधा हलगर्जीपणाने होतात. म्हणून कारणं ऐकू नयेत.’ दुसऱ्या आणि तिसऱ्या वाक्यात दरी आहे. चुका हलगर्जीपणाने होत असतील तर उलट हलगर्जीपणा कशाने झाला हे ऐकायला नको का? उडी मारू नका असं मी म्हणत नाही, नीतीचा विचार करायचा तर उडी मारावीच लागते. कुठून मारली तेवढं दिसलं पाहिजे.

आता सगळ्यात कठीण भाग. इथे मला माझीच एक चूक उघडी करावी लागेल.

रुग्णांसाठीची एक पुस्तिका माझ्याकडे तिसऱ्या वाचनाला होती. औषधाच्या प्रमाणाच्या कोष्टकात ‘०.५’ हवं होतं तिथे ‘५’ छापलेलं होतं. शेजारच्या रकान्यात एकक होतं, वरच्या ओळीत ‘०.२५’ बरोबर होतं. मी त्या आकड्यावर पेन्सिल टेकवून पुढे गेले. कागदावर पेन्सिलीचा ठिपका अजून दिसतो, म्हणजे नजर तिथे पडली होती. मूळ हस्तलिखितात शून्य आणि टिंब होतं, ते माझ्या डोक्यात होतं, म्हणून डोळ्यांनी ते कागदावर बघितलं. पुस्तिका बांधणीला जायच्या आधी लेखक डॉक्टरांनीच चूक पकडली. त्याच रात्री, त्याच डोळ्यांनी मी एक कवितासंग्रहही वाचला होता. त्यात एका कवितेच्या शेवटचा पूर्णविराम गेला. तो आजतागायत कुणाला खटकलेला नाही, कवीलासुद्धा.

दोन्हीकडे हलगर्जीपणा एकच. मग पूर्णविरामाबद्दल मला काहीच वाटत नाही आणि त्या टिंबाने माझी झोप का उडवली? आणि डॉक्टरांच्या नजरेला ते पडलं नसतं तर मी आहे त्यापेक्षा वाईट माणूस ठरले असते का? बर्नार्ड विल्यम्स आणि थॉमस नेगल या तत्त्वज्ञांनी १९७६ साली याला नाव दिलं, नैतिक नशीब. आपण माणसाला त्याने काय केलं यावर तोलतो असं म्हणतो, पण तराजूत परिणामही टाकतो, आणि परिणाम त्याच्या हातात नसतो. वहीत करायचा व्यायाम असा: जी कृती तुम्हाला निंद्य वाटते ती जशीच्या तशी लिहा, फक्त शेवट बदला. कुणाला इजा झाली नाही असा एक शेवट, फार मोठी झाली असा दुसरा. तुमचा राग किती हलतो ते बघा. जेवढा हलला तेवढा तो कृतीवर नव्हता.

राहिला इच्छास्वातंत्र्याचा प्रश्न. मला तेव्हा वेगळं वागता आलं असतं का?

मुद्रितशोधक शेवटचं वाचन कधी कधी उलटं करतात, शेवटच्या शब्दाकडून पहिल्याकडे. सुलट वाचलं की अर्थ डोळ्यांना ओढत नेतो आणि चूक झाकली जाते. चुकीचा प्रसंगही तसाच शेवटाकडून वाचा. टिंब सुटलं त्या क्षणी मला वेगळं करता आलं असतं? प्रामाणिकपणे सांगते, नाही. डोळ्यांपुढे टिंब होतंच, माझ्यापुरतं. त्याच्या आधी, पान उलटताना? तेव्हाही नाही. दहा वाजता, डोळे चुरचुरत होते तेव्हा? कदाचित. संध्याकाळी सात वाजता मात्र मी खुर्चीत बसून चक्क विचार केला होता: कोष्टकं उद्या सकाळी वाचावीत की आजच उरकावीत? दोन्ही बाजू डोक्यात होत्या. ‘आकडे थकल्या डोळ्यांनी वाचू नयेत’ हा नियम मला पाठ होता, आठवलाही होता. मी उरकायचं ठरवलं. उलट वाचत जायचं ते अशा जागेपर्यंत, जिथे एखादं कारण तुमच्यापर्यंत पोचलं होतं आणि तुम्हाला त्याचं ऐकता आलं असतं. जबाबदारी तिथे लिहा, अपघाताच्या क्षणी नको.

बेंजामिन लिबेट या मेंदूसंशोधकाचा १९८३चा प्रयोग अनेकांनी ऐकलेला असतो आणि त्यावरून ‘इच्छा वगैरे सगळा भास’ असा निकालही लावलेला असतो. मनाला येईल तेव्हा बोट हलवायचं, एवढंच काम होतं. बोट हलवण्याच्या साधारण ५५० मिलिसेकंद आधी मेंदूतली तयारी नोंदली गेली, आणि ‘हलवावंसं वाटलं’ ही जाणीव माणसांनी सुमारे २०० मिलिसेकंद आधीची सांगितली. आकडे बोलके आहेत. पण बोट आत्ता हलवावं की दोन सेकंदांनी, याला काही कारणच नसतं. २०१२ साली आरोन शुर्गर आणि सहकाऱ्यांनी दाखवलं की ती ‘तयारी’ म्हणजे मेंदूतल्या सततच्या चढउतारांनी एक मर्यादा ओलांडणंही असू शकतं. काहीही असो, माझा सात वाजताचा निर्णय त्या अर्ध्या सेकंदात मावत नाही.

कुणी म्हणेल, सात वाजताच्या निर्णयालाही आधीची कारणं होतीच. होती. स्पिनोझा या तत्त्वज्ञाने १६७४च्या एका पत्रात फेकलेल्या दगडाची कल्पना केली आहे: दगडाला मध्येच शुद्ध आली तर त्याला वाटेल, मी माझ्या मर्जीनेच चाललोय. या दगडाला मी उत्तर दिलेलं नाही, आणि ज्यांनी दिल्याचा दावा केला त्यांचं मला पटलेलं नाही. मला एवढंच दिसतं की दगडाला नियम सांगून त्याची वाट बदलत नाही, माझी बदलते. त्या प्रसंगानंतर मी संध्याकाळी सहानंतर कोष्टकं हातात घेत नाही.

कोऱ्या पानाचं राहिलं. निर्णय घ्यायचा असेल तर कारणं आधी लिहा, नंतर नाही. २००५ साली स्वीडनमधल्या संशोधकांनी लोकांना दोन चेहऱ्यांतला जास्त आवडलेला निवडायला सांगितला आणि हातचलाखीने दुसराच फोटो हातात दिला. चारांतल्या जवळपास तीन वेळा अदलाबदल लक्षात आली नाही, आणि बरेच जण न निवडलेला चेहरा आपण का निवडला हे सांगत बसले. आपण नंतर दिलेली कारणं किती खरी मानायची ते तुम्हीच ठरवा. म्हणून डाव्या पानावर आधीची कारणं, आणि किमान महिन्याने उजव्या पानावर, डावं पान झाकून, तीच कारणं पुन्हा. मग दोन्ही पानं प्रुफासारखी ताडून बघायची. माझी सहसा जुळत नाहीत. पहिल्या वेळी ‘कंटाळा आला होता’ असं असतं, महिन्याने त्याचं ‘वेळेचं नियोजन’ झालेलं असतं.

हे सगळं झाल्यावर मी माझं वाक्य बदललं. हाताखाली शिकणाऱ्या मुलीकडून परवा एका शीर्षकातला काना सुटला. तिला मी जुनं, पूर्ण वाक्य सांगितलं: चुकीचं कारण मला सांगू नकोस, स्वतःला सांग. सोबत ते कुणाचं आणि माझ्याकडून कसं मोडलं होतं तेही सांगितलं. तिने लगेच वहीत टिपून घेतलं. जाताना माझी नजर पडली. तिने लिहिलं होतं: ‘चुकीचं कारण मॅडमना सांगायचं नाही.’