वाय-फाय ड्रायव्हरमधला जादा मेमसेट कसा शोधावा

लिनक्स कर्नलच्या ड्रायव्हरमध्ये केझॅलॉकने (शून्य भरलेली मेमरी देणारं फंक्शन) मेमरी घ्यायची आणि खालच्याच ओळीत तीच मेमसेटने (मेमरीत एकच मूल्य भरणारं फंक्शन) पुन्हा शून्य करायची, म्हणजे धुतलेलं भांडं परत धुणं. ती ओळ उडवायला हरकत नाही, पण आधी थोडं तपासा.

मेमरी आली कुठून ते पाहा. केझॅलॉक, केकॅलॉक, व्हीझॅलॉक यांच्याकडून ती शून्य होऊनच येते, केमॅलॉककडून नाही. कर्नल ५.० पासून (२०१९) डीएमए-अ‍ॅलॉक-कोहिरंटही (उपकरण आणि सीपीयू दोघांनी वापरायची मेमरी देणारं फंक्शन) शून्य केलेलीच मेमरी देतं. म्हणून जुन्या ड्रायव्हरांत डिस्क्रिप्टर रिंगवरचे (पॅकेट कुठे आहेत ते कार्डाला सांगणारी गोल यादी) मेमसेट जादा निघू शकतात. एसकेबीच्या (कर्नलमधला पॅकेटचा बफर) डेटाला मात्र हे लागू नाही.

खरी गोम पुढे आहे. मेमसेट मेमरी घेण्याच्या ओळीला लागून नसेल, वेगळ्या इनिट (सुरुवातीची मांडणी करणाऱ्या) फंक्शनमध्ये असेल, तर त्या फंक्शनचे सगळे कॉलर, म्हणजे ते जिथून बोलावलं जातं त्या जागा, ग्रेप कमांडने शोधून काढा. प्रोबच्या वेळी, म्हणजे ड्रायव्हर उपकरण प्रथम हाती घेतो तेव्हा, तो मेमसेट जादाच दिसतो. पण फर्मवेअर (कार्डाच्या आतला प्रोग्राम) कोसळून किंवा लॅपटॉप झोपेतून उठताना रीस्टार्ट झालं की तेच फंक्शन तीच स्ट्रक्ट (डेटाचा संच) पुन्हा वापरू शकतं, जुन्या रिंग इंडेक्ससकट. तिथला मेमसेट काढलात तर पहिल्या खेपेला सगळं छान चालेल आणि लॅपटॉप झोपेतून उठल्यावर पॅकेट अडकतील. अशा ठिकाणी हात लावू नका.

केमॅलॉकनंतर मेमसेट असेल तर दोन्ही मिळून एक केझॅलॉक करा. कॉक्सिनेल या कोड तपासणाऱ्या साधनाची झॅलॉक-सिंपल स्क्रिप्ट 'मेक कॉक्सीचेक' या कमांडमधून अशा जागा दाखवते. निकाल मात्र कोड वाचूनच द्यायचा.

तपासणीसाठी नागपूरच्या सीताबर्डी बाजारात मिळणारा साधा यूएसबी वाय-फाय डोंगलही चालेल, ड्रायव्हर तोच असला म्हणजे झालं. बूट करताना इनिट-ऑन-अ‍ॅलॉक (घेतलेली प्रत्येक मेमरी आपोआप शून्य करणारा कर्नलचा पर्याय) ० ठेवा. काही डिस्ट्रोंत (लिनक्सच्या आवृत्त्यांत) ते मुळातच चालू असतं; मग केमॅलॉकची मेमरीही शून्य येते आणि चुकीचा पॅच बिनबोभाट पास होतो. ड्रायव्हरचं मॉड्यूल काढून-घालून बघा, सस्पेंड-रिझ्यूम (लॅपटॉप झोपवून उठवणं) निदान वीसदा करा. मे महिन्यात नागपुरात पारा ४५ च्या पुढे जातो तेव्हा हे कूलरसमोर केलेलं बरं, नाहीतर तापलेल्या डोंगलने लिंक सोडली तरी खापर पॅचवर फुटेल.

पॅचच्या (कर्नलला पाठवायच्या बदलाच्या) ईमेल-विषयाची सुरुवात 'वायफाय:' या प्रीफिक्सने करा, अर्थात मूळ इंग्रजी लिपीत, आणि तो वायरलेस-नेक्स्टसाठी (वाय-फायचे नवे बदल गोळा होणारी कोडशाखा) पाठवा. फिक्सेस टॅग (कोणत्या जुन्या बदलातली चूक दुरुस्त केली ते सांगणारी ओळ) नको, हा बग नव्हे. कोणतं फंक्शन मेमरी शून्य करून देतं ते मेसेजमध्ये नावानिशी लिहा. मेंटेनर, म्हणजे त्या भागाचा कोड सांभाळणारा, पहिलं तेच विचारतो.