ट्यूब अ‍ॅम्पचा नॉईज शोधायला बसण्याआधी

अ‍ॅम्प (गिटारचा आवाज काचेच्या व्हॅक्यूम ट्यूबांनी मोठा करणारा अ‍ॅम्प्लिफायर) उघडायच्या आधी वही-पेन घ्या, स्क्रू ड्रायव्हर नंतर. सगळ्यालाच "नॉईज येतोय" म्हणून भागत नाही, जाडी सलग घूंऽऽ वेगळी, कानाला टोचणारी भणभण वेगळी, फसफस वेगळी आणि मधेच होणारी तडतड तर एकदमच वेगळी. कुठला आवाज, अ‍ॅम्प चालू केल्या केल्या येतो की अर्ध्या तासाने, कुठला नॉब फिरवला की वाढतो, हे लिहून ठेवा, नंतर पाच ट्यूबा बदलून झाल्यावर सुरुवातीला काय होतं ते आठवत नाही.

घूंऽऽ असेल तर गिटारवरच सूर जुळवून बघा, ही माझी आवडती टेस्ट. लाईन ५० हर्ट्झची असेल तर पॉवर सप्लायचा हम (म्हणजे हाच घूंऽऽ) १०० हर्ट्झला येतो, म्हणजे जाड ई तारेच्या तिसऱ्या फ्रेटवरच्या जीच्या अगदी जवळ. लाईन ६० ची असेल तर १२० हर्ट्झ, तो ए तारेच्या पहिल्या आणि दुसऱ्या फ्रेटच्या बरोबर मधे पडतो. हा सूर लागला तर संशय फिल्टर कॅपवर (सप्लायचा करंट सपाट करणारे कपॅसिटर), पण पुश-पुल (दोन पॉवर ट्यूबा आळीपाळीने काम करतात अशा) अ‍ॅम्पमधे दोन पॉवर ट्यूबांची जोडी जुळत नसली तरी हाच हम वाढतो, त्यामुळे लगेच सोल्डरिंग गन तापवू नका. त्याहून एक ऑक्टेव्ह खाली असेल तर हीटरची (ट्यूब आतून तापवणाऱ्या तारेची) वायरिंग, नाहीतर ट्रान्सफॉर्मरजवळून काहीतरी उचललं जातंय.

आता बाहेरचं. गिटार काढा, केबलही काढा. बऱ्याच अ‍ॅम्पमधे रिकामा इनपुट जॅक स्वतःच ग्राउंडला शॉर्ट होतो, तेव्हा केबल काढल्यावर शांत झालं तर अ‍ॅम्प निर्दोष, दोष गिटार, केबल नाहीतर खोलीचा. गिटारला सिंगल कॉइल पिकअप (एकाच गुंडाळीचा, हम सहज उचलणारा) असेल तर जागच्या जागी गोल फिरून बघा, एका दिशेला हम कमी होतो. डिमर, चार्जर, एलईडी दिवे एकेक बंद करा. आणि हम जावा म्हणून प्लगची अर्थिंगची पिन काढायची आयडिया कुणी दिली तर त्याचं ऐकू नका, त्यात जीव जातो.

जॅकचे आणि पॉटचे (नॉबच्या खालच्या फिरत्या रेझिस्टरचे) नट पण हाताने हलवून बघा. मी एकदा दोन संध्याकाळी खर्चून फिल्टर कॅप बदलले, हम तसाच, शेवटी इनपुट जॅकचा नट ढिला निघाला, पाव फेरा पिळला आणि गप्प! त्या जॅकचं ग्राउंडच नटातून चेसीला (आतल्या धातूच्या सांगाड्याला) जात होतं.

मग व्हॉल्यूम शून्यावर. आवाज तसाच राहिला तर तो व्हॉल्यूमच्या पुढचा, म्हणजे फेज इन्व्हर्टर (पॉवर ट्यूबांना सिग्नल वाटून देणारी ट्यूब), पॉवर ट्यूब किंवा सप्लाय, आणि गेला तर प्रीअ‍ॅम्पचा. इफेक्ट लूप (बाहेरचे इफेक्ट जोडायचे सेंड आणि रिटर्न जॅक) असेल तर सेंड-रिटर्नमधे एक छोटी केबल लावून बघा, कधीकधी जॅकचा कॉन्टॅक्टच काळा पडलेला असतो.

ट्यूबांसाठी हाताशी एक खात्रीची ईसीसी८३ ठेवा (नेहमीची प्रीअ‍ॅम्प ट्यूब, तीच ती १२एएक्स७), स्पीकर जोडलेला आहे ना ते बघा, स्पीकरशिवाय ट्यूब अ‍ॅम्प कधीच चालू करायचा नाही. आधी पेन्सिलच्या रबराकडच्या टोकाने प्रत्येक प्रीअ‍ॅम्प ट्यूबवर हलकी टिचकी मारा. इनपुटजवळची पहिली ट्यूब थोडीशी टणकन वाजतेच, ते चालतं, पण आवाज घुमत राहिला किंवा शिट्टी आली तर ती मायक्रोफोनिक झालीय, म्हणजे हादरे माइकसारखे उचलतेय. मग अ‍ॅम्प बंद करून, गार होऊ देऊन ती बदला. फसफस आणि तडतडीला पण आधी इनपुटजवळची पहिली ट्यूब बदलून बघायची.

एवढं करूनही नाही सापडलं तरच चेसी. आत ३०० ते ५०० व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कॅपमधे राहतात. म्हणून १००० व्होल्टचा मल्टीमीटर, क्लिपवाल्या वायरला जोडलेला ४७ के (किलो-ओहम), ५ वॉटचा रेझिस्टर, आणि आत टिचक्या मारायला एक सुकी लाकडी काडी. इथे पेन्सिल नको, तिच्या शिशातून करंट जातो. रेझिस्टर कॅपवर अर्धा मिनिट लावा, मग मीटरने मोजा, मगच हात घाला, आणि अ‍ॅम्प बंद असेपर्यंत क्लिप तशीच राहू द्या कारण कॅप स्वतःहून थोडा परत चार्ज होतो. पॉट फिरवताना खरखर होत असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, त्याने जात नसेल तर पॉटच्या आधीचा कपलिंग कॅप (डीसी अडवून फक्त सिग्नल पुढे सोडणारा) डीसी गळतोय का ते मोजावं लागतं, आणि तडतडीला १०० के चे जुने प्लेट रेझिस्टर (ट्यूबच्या प्लेटला व्होल्टेज पोचवणारे) नेहमीचे गुन्हेगार. पण ही मोजणी चालू अ‍ॅम्पवर करायची असते, एक हात खिशात ठेवून. असं काम आधी केलं नसेल तर अ‍ॅम्प इथेच बंद करून टेक्निशियनकडे द्या, आणि वही सोबत द्या.