नेतृत्वाचं ट्रेनिंग देताय? मग या चुका टाळा

नवे ग्रामपंचायत सदस्य, बचत गटाच्या अध्यक्षा, गावातली धडपडी पोरं, यांचं ट्रेनिंग म्हटलं की आपण पहिला त्यांच्या हातात माईक देतो. सभाधीटपणा, भाषण, अर्ज लिहिणं, हे सगळं लागतंच. पण तीन दिवसांची बॅच संपते आणि समोरच्याचं पूर्ण ऐकून कसं घ्यायचं यावर एक तासही दिलेला नसतो. मी स्वतः कित्येक वर्षं हेच करत होते आणि आता त्याचं खरंच वाईट वाटतं.

"ताई, बायका बोलतच नाहीत" ही तक्रार प्रत्येक बॅचमध्ये येते. तेव्हा मी विचारते, बसल्या कुठं होत्या? पुरुष ओट्यावर, बायका देवळाच्या खांबामागं, त्यात पाच वाजता नळाला पाणी येतं म्हणून त्या उठून जातात आणि नेमका तेव्हाच पाण्याचा विषय निघतो, मग बोलणार कोण? आपल्याकडे ग्रामसभेआधी महिला सभा घ्यायची हा कायदाच आहे, तर नुसत्या सह्यांवर ती भागवू नका, बायकांना जमेल त्या वेळेला खरोखर घ्या.

आणि त्या गप्प आहेत म्हणजे त्रास नाही, असं तर अजिबात धरू नका. गडचिरोलीत डॉ. राणी बंग यांनी दोन गावांतल्या बायकांची तपासणी केली, १९८९ साली तो अभ्यास लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात आला. ९२ टक्के बायकांना काही ना काही स्त्रीरोग निघाला, आणि त्याआधी अशी तपासणी झालेल्या फक्त ८ टक्के. दुखणं घरोघरी होतं हो, कुणी विचारलंच नव्हतं!

दुसरी चूक म्हणजे फॉर्म घेऊन गावात जाणं. "रस्ता पाहिजे ना?" असं विचारलं तर कोण नाही म्हणेल? त्यापेक्षा मी एक साधी गोष्ट करायला लावते, हातपंपावर तासभर बसायचं, प्रश्न विचारायचा नाही, मोबाईल पिशवीत, फक्त बघायचं आणि नंतर लिहायचं. एका सदस्य ताईंनी पहिल्या दिवशी लिहून आणलं "गावात पाणीटंचाई आहे", हे तर घरी बसूनही लिहिता आलं असतं. दुसऱ्या दिवशी त्यांनी लिहिलं की एक बाई दर खेपेला अर्धाच हंडा भरते. मग जवळ जाऊन बोलल्या तर कळलं, खांदा दुखतो, भरलेला हंडा उचलवत नाही, म्हणून तिच्या खेपा दुप्पट. ती बाई ग्रामसभेत कधी आलीच नव्हती.

तिसरं, ऐकता ऐकता लगेच उपाय सांगू नका. जोड्या लावा, एकीनं पाच मिनिटं बोलायचं, दुसरीनं मधे न तोडता ऐकायचं आणि मग "तुम्ही असं म्हणालात, बरोबर ना?" असं विचारायचं. पहिल्यांदा फार अवघड जातं, दीड मिनिटात सल्ला सुरू होतो, तरी रोज करून घ्या.

घाईनं मतदान घेऊन विषय संपवणं हीपण चूकच. धानोरा तालुक्यातल्या मेंढा-लेखात अभ्यास गटात आधी नुसती चर्चा होते, ग्रामसभेचा निर्णय सर्वसहमतीनं. याच गावानं २००९ मध्ये सामूहिक वनहक्क, म्हणजे जंगलावर साऱ्या गावाचा मिळून हक्क, मिळवला.

शेवटचं, ऐकून घेतलं आणि परत फिरकलंच नाही असं करू नका. काम झालं नसलं तरी पंधरा दिवसांत त्याच दारात जाऊन कुठं अडलंय ते सांगा, आणि पुढची तारीख वहीत त्यांच्यासमोरच लिहा.