बायपासनंतर दुखणं कमी करणारा श्वास, आणि खोकायचं कसं

बायपासमध्ये छातीचं मधलं हाड कापून पुन्हा स्टीलच्या तारांनी बांधतात. ते जुळायला साधारण 6 ते 8 आठवडे लागतात, कधी जास्तही. दुखतं म्हणून पेशंट वरवर श्वास घेतो, फुप्फुसाचा खालचा भाग मिटतो, कफ साचतो आणि खोकल्याने दुखणं आणखी वाढतं. जळगाव-भुसावळकडे घरोघरी फिजिओथेरपीला जाताना मला हेच दिसतं.

वेदनाशामक गोळीनंतर अर्ध्या-पाऊण तासाने व्यायामाला बसा. दात-ओठ खात दुखणं सोसण्यात काही मोठेपणा नाही. पाठ टेकून बसा, खांदे सैल सोडा.

नाकाने सावकाश श्वास घ्या, पोट फुगू द्या, 2-3 सेकंद थांबा आणि ओठांचा चंबू करून त्याहून हळू सोडा. सोडताना मान-खांदे ढिले पडतात, तिथेच आराम मिळतो. जागेपणी दर तासाला असे 10 श्वास, मध्ये थोडं थांबत. चक्कर आली तर थांबा. श्वासाच्या व्यायामासाठी देतात त्या तीन चेंडूंच्या यंत्रात (स्पायरोमीटर) श्वास आत ओढायचा असतो; निम्मी माणसं फुंकत बसतात.

आता खोकणं. सगळं अडतं ते इथेच, आणि सुरुवातीला मलाही पेशंटकडून हे करून घेणं फार जड जायचं. भेटायला आलेलं कुणीतरी बजावून जातं, “आप्पा, खोकू नका, टाका तुटी जाई!” आप्पा मग दोन दिवस कफ दाबून ठेवतात. हा सल्ला घातक आहे. आधार देऊन खोकल्याने टाके तुटत नाहीत. साचलेल्या कफाने मात्र न्यूमोनिया होऊ शकतो.

पाय जमिनीवर टेकवून जरा पुढे झुका. जाडसर उशी किंवा घडी केलेला टॉवेल छातीवर धरून दोन्ही हातांनी घट्ट कवटाळा. दाब खोकला येण्याआधी द्यायचा. उबळ आल्यावर उशी शोधू नका, ती कायम हाताशी हवी. लगेच जोरात खोकू नका. चष्म्याची काच पुसताना तिच्यावर वाफ सोडतो तसं तोंड उघडून दोन-तीनदा “हाऽ” करा. कफ वर सरकला की एकदाच खोका, थुंका आणि पुन्हा सावकाश श्वास घ्या. कफ पातळ राहायला पाणी लागतं, पण आपल्याकडच्या मे महिन्यातही डॉक्टरांनी ठरवून दिलेल्या मापातच.

घरच्यांनो, शेवभाजीची फोडणी द्यायची असेल, उन्हाळ्यात मिरच्या भाजायच्या असतील, तर आधी पेशंटला घराबाहेरच्या ओट्यावर किंवा दूरच्या खोलीत बसवा. असा अचानक आलेला ठसका उशी धरायलाही वेळ देत नाही.

खाटेवरून उठताना हातांवर जोर नको, कुशीवर वळून उठा. कपालभाती, भस्त्रिका, श्वास बराच वेळ कोंडून धरणं हे सर्जनने परवानगी देईपर्यंत बंद, शेजाऱ्याला कितीही गुण आलेला असो.

हाडात कटकट वाजली, ताप आला, जखमेतून पू आला तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवा. दम लागला किंवा कळ हातात-जबड्यात गेली तर व्यायाम सोडून तडक दवाखाना गाठा, रात्र असली तरी.