होरी-होरी: खुरप्याची सवय असलेल्या हातांसाठी

खुरपं मातीवरून आडवं फिरतं, होरी-होरी मातीत उभी जाते. हा फरक हाताला कळला की पुढचं सगळं सोपं आहे. नाही कळला, तर ही जपानी सुरी घेऊनही तुम्ही तिच्याकडून खुरप्याचंच काम करून घ्याल आणि म्हणाल, यात विशेष ते काय!

मी तोक्योच्या एदोगावा भागात राहते आणि भाड्याने मिळालेल्या शेतीच्या एका छोट्या तुकड्यात भाज्या लावते. इथली माती नदीच्या गाळाची, चिकट. हात मात्र साताऱ्याकडच्या काळ्या रानात खुरपणी करून तयार झालेले. त्यामुळे खाली जे लिहिते आहे ते खुरपं येणाऱ्या माणसाला डोळ्यांसमोर ठेवून.

आधी हत्याराची ओळख. पातं साधारण १७-१८ सेंटिमीटर लांब, मूठ धरून एकूण ३० च्या आसपास. पातं सपाट नसतं, पन्हाळीसारखं किंचित खोलगट असतं. एका कडेला धार, दुसऱ्या कडेला करवतीचे दाते आणि टोक निमुळतं. बऱ्याच सुऱ्यांच्या पात्यावर टोकापासून मोजत आलेल्या खोलीच्या खुणा कोरलेल्या असतात. मुळात ही सुरी डोंगरातल्या रानभाज्या आणि रोपं मुळासकट काढणाऱ्यांची, बोन्सायवाल्यांची. निइगाता प्रांतातलं सान्जो आणि ह्योगोतलं मिकी ही लोहारकामाची जुनी गावं, तिथल्या सुऱ्या चांगल्या मिळतात. सान्जोत तर १७व्या शतकात शेतकऱ्यांनी जोडधंदा म्हणून खिळे घडवायला सुरुवात केली, तेव्हापासून तिथल्या भट्ट्या पेटत्या आहेत.

विकत घेताना मी पहिल्यांदा मूठ बघते. पात्याचं पोलाद मुठीच्या आत शेवटपर्यंत गेलेलं हवं. ते अर्ध्यात संपत असेल, तर चिकट मातीत तरफ दिल्यावर मूठ खिळखिळी होते. मग पोलाद. कार्बन पोलादाला धार छान येते आणि टिकते, पण ते गंजतं. स्टेनलेसची धार थोडी कमी टिकते, पण ओली सुरी विसरून राहिली तरी चालतं. रोज तेलपाणी करायचा ज्यांना कंटाळा आहे त्यांनी सरळ स्टेनलेस घ्यावी.

आता खरं काम, म्हणजे सोटमूळ उपटणं. डँडेलियनचं पिवळं फूल सगळ्यांच्या परिचयाचं, पण त्याचं मूळ गाजरासारखं सरळ खाली गेलेलं असतं. खुरप्याने ते वरच्या वर तुटतं आणि उरलेल्या तुकड्यातून पुन्हा फुटतं. होरी-होरीने असं करायचं: माती वाफशावर येऊ द्या. चिखलात पातं रुततं, कोरड्यात टोकावर फार जोर येतो. मूठ मुठीत घट्ट धरा, तळवा मुठीच्या डोक्यावर येईल अशी. खोडापासून दोन-तीन सेंटिमीटर अंतर ठेवा, खोलगट बाजू मुळाकडे करा आणि खांद्याचं वजन देत पातं सरळ खाली घाला. मनगटाने भोसकू नका. पातं पुरेसं आत गेलं की मूठ झाडापासून लांब, मागे झुकवा. टोक मुळाखालून वर येतं. त्याच वेळी दुसऱ्या हाताने पानांचा झुबका बुडाशी धरून हलका ताण द्या. मूळ सुटलं की बोटांना कळतं. नाहीच सुटलं तर जोर वाढवायचा नाही. पातं काढून समोरच्या बाजूने पुन्हा घाला. ही पहार नाही. खाली दगड लागला की थांबा, नाहीतर टोक जातं.

लव्हाळ्याला हीच रीत, पण आणखी खोल. इथेही तो आहे, आपल्याकडचाच नागरमोथा. त्याच्या गाठी एकमेकींना धाग्यांनी जोडलेल्या असतात; पाती ओढली की धागा तुटतो आणि गाठी खालीच राहतात. म्हणून चारही बाजूंनी पातं पूर्ण घालून ढेकूळच उचलायचं आणि हाताने फोडून एकेक गाठ वेचायची. दोकुदामी नावाच्या तणाच्या पांढऱ्या मुळ्यांचंही तसंच, राहिलेला प्रत्येक तुकडा फुटतो. सुगिना नावाच्या तणाची मुळं मात्र या पात्याच्या आवाक्याबाहेर खोल जातात. तिथे वर आलेलं पुन्हा पुन्हा कापत राहणं एवढंच आपल्या हातात.

लावणीसाठी पातं आत घालून मूठ आपल्याकडे ओढली की मातीत चीर उघडते. लसणाची पाकळी लावताना मी टोक पाच सेंटिमीटरच्या थोडं पुढे जाऊ देते, पाकळी टोक वर करून सोडते, पातं काढते आणि माती दाबते. गाडलेल्या पाकळ्यांची रांग एकाच खोलीची येते, उगवणही एकसारखी दिसते. कोमात्सुनाची दाट उगवलेली रोपं विरळ करायची असतील तर खोलगट पात्यावर मुळांभोवतीच्या मातीसकट रोप उचललं जातं. ही पालेभाजी मूळची याच एदोगावाच्या कोमात्सुगावा भागातली. लसूण आणि मूगडाळ घालून परतली की आपल्या जेवणात सहज मिसळते.

करवतीचे दाते गड्डे विभागायला. नीराचा, म्हणजे लसणी चवीच्या पातीचा, जुना गड्डा जमिनीवर ठेवून कापा. हातात धरून कधीच कापू नका, आणि मोकळा हात किंवा गुडघा पात्याच्या वाटेत ठेवू नका. या सुरीला दोन्ही कडा आहेत हे खुरप्याच्या सवयीचा हात विसरतो.

काम झालं की माती पुसा, धुवा, पूर्ण कोरडी करा आणि मगच म्यानात घाला. कार्बनच्या पात्यावर तेलाचा पातळ हात फिरवा. इथे त्सुबाकीच्या, म्हणजे कॅमेलियाच्या बियांचं तेल वापरतात. धार लावायला १००० नंबरचा दगड पुरतो. ज्या बाजूला उतार दिलेला आहे तीच बाजू दगडावर चालवा. मागे उठलेली बारीक कड एकदा हलकेच घासून काढा. स्वयंपाकघरातल्या सुरीइतकी पातळ धार काढू नका, मातीतल्या खड्यांवर तिचे तुकडे पडतात. दात्यांना बारीक कानस, तीही क्वचित.

शेवटचं, पण जपानात राहणाऱ्यांनी नीट लक्षात ठेवायचं. ६ सेंटिमीटरपेक्षा लांब पात्याचं हत्यार योग्य कारणाशिवाय जवळ बाळगणं इथल्या कायद्याने गुन्हा आहे. दोन वर्षांपर्यंत कैद किंवा तीन लाख येनपर्यंत दंड होऊ शकतो. शेतावर जाता-येता सुरी म्यानात, कापडात गुंडाळून, पिशवीच्या तळाशी ठेवा. कमरेला लटकवून सायकलवर फिरू नका आणि काम नसेल त्या दिवशी ती घरीच राहू द्या. गावी कुणासाठी नेणार असाल तर टोकावर जाड पुठ्ठा बांधा आणि विमानात चेक-इन करायच्या बॅगेतच घाला.